गाळलेल्या जागा बरोबर, निबंध मात्र लाल: इंग्रजी व्याकरण छोट्या उताऱ्यांतून का शिकावं

गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर दहापैकी नऊ बरोबर. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायला सांगितलं तर बिनचूक. आणि त्याच मुलीला सुट्टीतल्या एका दिवसावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या, की वहीत येतं ते असं: 'आय हॅड गॉन टू माय फ्रेंड्स हाऊस यस्टरडे. शी टोल्ड मी दॅट आय ॲम नॉट फीलिंग वेल.' बरं कोणाला वाटत नव्हतं, मैत्रिणीला की हिला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

हायस्कूलमधल्या मुलांच्या पालकांना हे कोडं हमखास पडतं. नियम पाठ आहेत, स्वाध्याय सुटतात, मग लिहायला बसलं की सगळं जातं कुठे? 'लक्ष नाही' किंवा 'सराव कमी पडतो' हे यावरचं ठरलेलं निदान. मला ते पटत नाही. सराव बहुतेक वेळा भरपूर झालेला असतो, पण तो सुट्या वाक्यांचा. आणि इंग्रजी व्याकरणातले बरेचसे निर्णय एका वाक्याच्या आत होतच नाहीत. आधीच्या वाक्यात काय सांगून झालंय, वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे, यावर ते ठरतात. त्यामुळे सराव करायचा तर निदान पाच-सहा वाक्यांच्या सलग मजकुरावर करायला हवा.

## एकटं वाक्य मुकं असतं

हे वाक्य बघा: '___ नॉइज हॅड स्टॉप्ड.' रिकाम्या जागी 'अ' की 'द'? नियम पाठ असलेला मुलगाही इथे अंदाजच करणार, कारण ठरवायला लागणारी माहिती या वाक्यात नाहीच. आता तेच वाक्य त्याच्या घरी नेऊन बसवू:

'वन नाईट लास्ट वीक आय हर्ड अ नॉइज ऑन द रूफ. आय टुक अ टॉर्च अँड वेंट अपस्टेअर्स. द नॉइज हॅड स्टॉप्ड. अ कॅट वॉज सिटिंग निअर द वॉटर टँक. इट लुक्ड ॲट मी अँड जम्प्ड ओव्हर द वॉल. आय हॅव नॉट स्लेप्ट वेल सिन्स दॅट नाईट.'

सहा वाक्यं, जेमतेम ४७ शब्द. शब्दही सगळे सोपे. पण व्याकरणाच्या दृष्टीने हा मजकूर चांगलाच दाट आहे.

आधी आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारे 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत हा प्रकार नाही, म्हणून आपल्या मुलांना तो सर्वांत जास्त छळतो. आवाजाचा पहिला उल्लेख 'अ नॉइज' असा आहे, कारण तोवर वाचणाऱ्याला त्याची काहीच कल्पना नाही. तिसऱ्या वाक्यात तोच आवाज परत येतो तेव्हा 'द नॉइज' होतो. इथवर शाळेत शिकवलेला नियम चालतो: पहिल्यांदा 'अ', मग 'द'. पण छताचं काय? 'द रूफ' तर पहिल्याच वाक्यात आलंय, आधी कुठेही उल्लेख नसताना. कारण घर म्हटलं की छत आलंच, आणि कुठलं छत हे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही. पाण्याच्या टाकीचं आणि भिंतीचंही तसंच. म्हणजे खरा प्रश्न उल्लेख कितवा हा नसून 'कुठलं ते समोरच्याला कळेल का?' हा आहे. हा प्रश्न सुट्या वाक्यात विचारताच येत नाही, कारण तिथे समोरचा कोणी नसतोच.

टॉर्चची गंमत आणखी वेगळी. 'अ टॉर्च' बरोबर आहे, आणि 'द टॉर्च'सुद्धा चुकीचं नाही. घरात एकच टॉर्च असेल आणि ऐकणारा घरातलाच असेल तर 'द' अगदी सहज येईल. अशा ठिकाणी मुलांनी वाद घातला तर घालू द्यावा. त्या पाच मिनिटांत आर्टिकल जितकं कळतं तितकं तक्ता घोकून कळत नाही.

आता क्रियापदं. 'हर्ड', 'टुक', 'वेंट' ही एकामागून एक घडलेल्या गोष्टींची साखळी आहे, म्हणून साधा भूतकाळ. 'हॅड स्टॉप्ड' मात्र साखळी मोडून मागे जातं: मी वर पोचलो त्याच्या आधीच आवाज थांबलेला होता. 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप मिळून होणारा हा काळ म्हणजे पास्ट परफेक्ट. त्याच्या जागी नुसतं 'स्टॉप्ड' ठेवून पाहा. वाक्य शुद्धच राहतं, पण घटना बदलते. आता मी वर गेलो आणि मग आवाज थांबला. कदाचित मांजराने मला पाहिलं म्हणून. 'वॉज सिटिंग' हे मी पोचण्याआधीपासून चालू असलेलं दृश्य. आणि शेवटचं 'हॅव नॉट स्लेप्ट' त्या रात्रीपासून आजपर्यंत पसरलेलं आहे, म्हणून तिथे प्रेझेंट परफेक्ट. एका मांजरापायी चार काळ झाले, आणि प्रत्येकाला तिथे असण्याचं कारण आहे.

## धड्याचं नावच उत्तर सांगतं

सुट्या वाक्यांच्या सरावात आणखी एक गोम आहे. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'पास्ट परफेक्ट टेन्स' असं छापलेलं असतं आणि खाली वीस वाक्यं. मुलगा प्रत्येक कंसातल्या क्रियापदाआधी 'हॅड' लावत जातो आणि विसापैकी वीस मिळवतो. त्याने रूप बनवण्याचा सराव केला. ते रूप कुठे वापरायचं आणि कुठे नाही, हा निर्णय त्याच्या वतीने पुस्तकाने आधीच घेऊन ठेवला होता.

क्रिकेटच्या नेटमध्ये प्रशिक्षकाने 'आता दहाही चेंडू लेगस्पिन' असं सांगून टाकावेत, तसं हे आहे. दहावा चेंडू झकास खेळला जातो. सामन्यात गोलंदाज काय टाकणार हे सांगत नाही, आणि तिथे खरी परीक्षा चेंडू ओळखण्याची असते.

गणिताच्या सरावावर डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवली, दुसऱ्याने सगळ्या प्रकारांची सरमिसळ करून. सराव करताना सरमिसळवाला गट मागे होता. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र तोच बराच पुढे गेला. व्याकरण आणि गणित एक नव्हे, हे मान्य. पण कुठला नियम लावायचा हे स्वतः ओळखण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. उताऱ्यात ही सरमिसळ वेगळी करावी लागत नाही. सहा वाक्यांत चार काळ आले ते कोणी मुद्दाम कोंबले नव्हते, गोष्ट सांगताना आपोआप आले.

म्हणून उताऱ्याच्या सरावात मुलांना आधी काही काळ कमी गुण पडतात. तेवढ्यावरून पद्धत फसली असं समजून परत वीस-वीस वाक्यांकडे वळू नये.

## मराठीत विचार, इंग्रजीत वाक्य

मराठी मुलांच्या काही चुका इतक्या ठरावीक आहेत की वही न बघता सांगता येतील, आणि त्यांतल्या बहुतेक मराठीच्या स्वतःच्या, अगदी नीट चालणाऱ्या नियमांतून येतात.

'मी काल गेलो होतो' हे मराठीत साधं, रोजचं वाक्य आहे. गेलो आणि परत आलो, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून मूल 'आय हॅड गॉन यस्टरडे' लिहितं. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र आधाराला भूतकाळातली दुसरी, नंतरची घटना लागते. ती नसेल तर वाचणारा 'बरं, आणि मग?' म्हणून ताटकळत राहतो. एकट्या वाक्यात ही चूक चूक वाटतच नाही. उताऱ्यात, पुढची घटना शोधायला गेलं आणि ती सापडली नाही, की मुलाला स्वतःलाच खटकतं.

दुसरी चूक दुसऱ्याचं बोलणं सांगताना होते. मराठीत 'ती म्हणाली की मला बरं वाटत नाही' असं आपण सहज म्हणतो, आणि 'मला' म्हणजे तिला हे सगळ्यांना कळतं. मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू देते. इंग्रजीत 'दॅट' आलं की सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतं आणि काळही बहुधा एक पायरी मागे जातो: 'शी टोल्ड मी दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल.' डायरेक्टचं इनडायरेक्ट करण्याचे शंभर स्वाध्याय केलेली मुलंही स्वतःहून लिहिताना इथे घसरतात, कारण 'बदला' असं सांगणारं तिथे कोणी नसतं.

'जरी' आलं की मराठीत 'तरी' येतंच. म्हणून 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.' इंग्रजीला दोन्हींपैकी एकच पुरतं. तसंच 'पासून'साठी सरसकट 'फ्रॉम' येतं: 'फ्रॉम दॅट नाईट आय ॲम नॉट स्लीपिंग.' आणि 'विषयी'साठी 'अबाउट', मग ते लागो न लागो: 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन.'

या चुकांसाठी मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. दोन भाषा कुठे वेगळ्या वळतात ते त्यांना दाखवावं लागतं, आणि ते वळण सलग मजकुरातच दिसतं.

## पॅसिव्ह व्हॉइसची उगाचच झालेली बदनामी

सुट्या वाक्यांच्या सरावाने सर्वांत जास्त नुकसान कोणाचं केलं असेल तर पॅसिव्हचं. कर्म पुढे आणा, 'बी'चं रूप लावा, तिसरं रूप घाला, शेवटी 'बाय'. मुलं हे यंत्रासारखं करतात, आणि हे कशासाठी करायचं असं विचारलं तर गप्प होतात.

अलेक्झांडर फ्लेमिंगबद्दल लिहिताना आपण म्हणू, 'इन १९२८ ही डिस्कव्हर्ड पेनिसिलिन.' उतारा पेनिसिलिनबद्दल असेल तर म्हणू, 'इट वॉज डिस्कव्हर्ड इन १९२८ बाय अलेक्झांडर फ्लेमिंग.' घटना तीच, साल तेच. ज्याच्याबद्दल आपण बोलतोय त्याला वाक्याच्या तोंडाशी ठेवायचं, म्हणजे आधीच्या वाक्याशी धागा तुटत नाही. पॅसिव्हचं मुख्य काम हे. त्याशिवाय, करणारा कोण हे ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचं नसेल तेव्हाही तो उपयोगी पडतो. आता सांगा, उताऱ्याचा विषय काय हेच माहीत नसेल तर ॲक्टिव्ह चांगलं की पॅसिव्ह हे कोण ठरवणार?

## मग उतारा घेऊन करायचं काय

नुसता वाचून सोडायचा नाही, एवढं पक्कं. सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे उताऱ्यातले शब्द गाळून ते परत भरायला लावणं. याला क्लोझ म्हणतात. विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ साली ही कल्पना मांडली ती मुळात मुलांसाठी नव्हतीच. एखादा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजायला तो ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ प्रत्येक पाचवा शब्द गाळत असे. व्याकरणाच्या सरावाला हे यांत्रिक गाळणं फारसं कामाचं नाही. 'कॅट' किंवा 'टॉर्च' गाळून शब्दसंग्रह तपासला जाईल. गाळायचे ते 'द', 'सिन्स', 'हॅड', 'इट' असे छोटे, बिनमहत्त्वाचे वाटणारे शब्द. आणि भरून झाल्यावर प्रत्येक जागेसमोर दोन-तीन शब्दांत कारण लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. कारण न लिहिता भरलेली जागा हा अर्धा सराव.

मला त्याहून आवडतो तो उतारा बदलण्याचा सराव. वरच्या मांजराच्या उताऱ्यात 'आय'च्या जागी 'माय सिस्टर' आणा. 'ॲट मी'चं 'ॲट हर' होतं, शेवटी 'हॅव'चं 'हॅज' होतं आणि बाकी क्रियापदं जागची हलत नाहीत. साध्या भूतकाळात कर्ता बदलला तरी रूप तेच राहतं, हे मुलाला न सांगता कळतं. मग दुसरी पायरी: हे रोज रात्री घडतं असं समजून लिहा. 'एव्हरी नाईट माय सिस्टर हिअर्स अ नॉइज ऑन द रूफ. शी टेक्स अ टॉर्च अँड गोज अपस्टेअर्स. द नॉइज हॅज स्टॉप्ड. अ कॅट इज सिटिंग निअर द वॉटर टँक.' एकवचनी कर्त्याला लागणारा तो विसरभोळा 'एस' इथे प्रत्येक वाक्यात दार ठोठावतो. आणि शेवटच्या वाक्याशी आल्यावर गाडी अडते. 'सिन्स दॅट नाईट' आता लिहिणार कसं? रोजच घडतंय म्हटल्यावर 'ती रात्र' उरलीच नाही. वाक्य बदलावं तरी लागेल किंवा काढावं तरी लागेल. जो मुलगा इथे थांबतो त्याला प्रेझेंट परफेक्ट कळायला लागला आहे. जो न थांबता 'शी डझ नॉट स्लीप वेल सिन्स दॅट नाईट' लिहून मोकळा होतो, त्याच्याशी कशाबद्दल बोलायचं हेही आपल्याला कळलं.

चुका पेरलेला उतारा देऊन त्या शोधायला लावणं हाही प्रकार चालतो. फक्त चुका किती आहेत हे सांगू नये. सांगितलं की मुलं मोजून थांबतात.

आणि चौथा प्रकार, मोडून पुन्हा उभारण्याचा. बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. तेव्हा त्याच्या हाती लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड आला. ते लेखन त्याला इतकं आवडलं की तो त्यातल्या काही लेखांतल्या प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्या टिपणांत उतरवून ठेवी. काही दिवस जाऊ दिल्यावर नुसत्या टिपणांवरून लेख पुन्हा लिहून काढी आणि मग मूळ लेखाशी ताडून आपल्या चुका सुधारी. आपल्या कामाला यातलं 'काही दिवस जाऊ देणं' फार महत्त्वाचं. लगेच लिहिलं तर स्मरणशक्ती लिहिते. चार दिवसांनी शब्द विसरलेले असतात, आशय आठवतो, आणि वाक्य स्वतःचं व्याकरण वापरून बांधावं लागतं. मूळ उतारा शेजारी ठेवला की नेमकं कुठे काय निसटलं ते दिसतं.

वर्गात याचाच भावंड प्रकार घेता येतो. शिक्षकाने छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा, मुलांनी कानावर पडतील ते शब्द टिपायचे आणि मग दोघा-तिघांनी मिळून तो पुन्हा उभा करायचा. 'इथे हॅड होतं', 'नव्हतं रे' अशी जी कुजबुज सुरू होते, तो व्याकरणाचा तासच असतो.

## 'म्हणजे नियम शिकवायचेच नाहीत?'

शिकवायचे. नवीन काळ पहिल्यांदा भेटतो तेव्हा नियम आणि सुटी वाक्यं यांना पर्याय नाही. 'गो-वेंट-गॉन', 'टेक-टुक-टेकन' ही रूपं तर घोकावीच लागतात. ज्याला 'गॉन' माहीतच नाही तो उताऱ्यात तरी कुठून आणणार? फक्त रूप जमलं की तिथे मुक्काम करायचा नाही. पाच-सात वाक्यं झाली की उताऱ्याकडे जायचं आणि नियमाकडे परत यायचं ते अडल्यावर. अडल्यानंतर वाचलेला नियम जास्त टिकतो, कारण तेव्हा डोक्यात प्रश्न तयार असतो.

## 'भरपूर वाचलं तर व्याकरण आपोआप येत नाही का?'

काही प्रमाणात येतं, आणि भरपूर वाचणं हे कधीही चांगलंच. पण 'आपोआप'वर फार विसंबू नये. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून ही मुलं ऐकून आणि वाचून समजण्यात फार छान तयार झाली. बोलताना-लिहिताना मात्र क्रियापदांची रूपं आणि नामांची लिंगं चुकतच राहिली. मेरिल स्वेन या भाषा-अभ्यासक बाईंनी १९८५ साली त्यावर बोट ठेवलं: अर्थ कळायला व्याकरणाकडे नीट पाहावं लागत नाही, स्वतः वाक्य बनवताना पाहावं लागतं.

रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञाने तर स्वतःवरच प्रयोग केला. ब्राझीलमध्ये काही महिने राहून पोर्तुगीज शिकताना त्याने डायरी ठेवली आणि नंतर ताडून पाहिलं. लोकांच्या बोलण्यातली जी रूपं त्याच्या स्वतःच्या ध्यानात आली होती, तीच पुढे बहुतेक करून त्याच्या तोंडी आली. नुसती कानावरून गेलेली रूपं तशीच निघून गेली होती.

छोटा उतारा इथे कामाला येतो तो त्याच्या छोटेपणामुळे. गोष्टीचं अख्खं पुस्तक वाचताना 'द'कडे कोणी बघत नाही, आणि बघूही नये. पन्नास शब्दांत मात्र प्रत्येक 'द'पाशी थांबणं परवडतं.

## 'परीक्षेत सुटी वाक्यंच येतात, त्याचं काय?'

येतात, आणि त्यांचे गुण सोडायचं कारण नाही. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट या रूपांतरांची एक ठरावीक कवायत आहे, ती परीक्षेच्या तोंडावर वेगळी करून घ्यावी. पण त्याच प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा असतो, पत्र असतं, निबंध असतो. उताऱ्यांवर तयार झालेल्या मुलाला सुटं वाक्य जड जात नाही. उलट दिशेने मात्र खात्री देता येत नाही, आणि लेखाच्या सुरुवातीची मुलगी त्याच दिशेने आली होती.

## 'घरात इंग्रजी कोणाला येत नाही, तपासणार कोण?'

मूळ उतारा तपासेल. गाळलेल्या जागा असोत की टिपणांवरून केलेलं पुनर्लेखन, उत्तरपत्रिका समोरच असते. शंका उरेल ती एवढीच की माझं उत्तर वेगळं आहे, पण चूक आहे का? अशा जागांवर खूण करून त्या शिक्षकांना विचाराव्यात. चॅटबॉटलाही विचारता येतं, आणि हव्या त्या पातळीचा उतारा तयार करून घ्यायला तो खरोखर सोयीचा आहे. पण तो चुकीचं कारणही ठामपणे देतो, हे मुलांना सांगून ठेवावं. आणि स्वतःचं उत्तर वहीत लिहिण्याआधी त्याला विचारायचं नाही, हा नियम कडक ठेवावा.

उतारा निवडताना तो मुलाच्या वाचनाच्या पातळीपेक्षा थोडा सोपाच घ्यावा. शंभर शब्दांत दोन-चारपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर सगळी शक्ती अर्थ लावण्यातच जाते. नववीच्या मुलाला सहावीचं पाठ्यपुस्तक द्यायला संकोच वाटतो, पण या कामाला ते उत्तम.

वहीच्या मागच्या पानावर चुकांचे रकाने करावेत: आर्टिकल, काळ, कर्ता-क्रियापद, 'इन-ऑन-ॲट' वगैरे, सर्वनाम. चूक झाली की त्या रकान्यात एक रेघ. आठ-दहा उतारे झाले की एक-दोन रकाने बाकीच्यांपेक्षा उंच दिसू लागतात. सगळं व्याकरण कच्चं आहे म्हणून हताश झालेल्या मुलाला आपल्या निम्म्या चुका एकाच रकान्यात आहेत हे कळणं, हा मोठा दिलासा असतो. पुढचे उतारे त्या रकान्यावर नजर ठेवून घ्यावेत. दिवसाला एक उतारा, पंधरा-वीस मिनिटं, पुरे. आणि तोच उतारा आठवड्याने पुन्हा कोरा सोडवावा.

## करून पाहण्यासाठी एक

'इन १९२८ अलेक्झांडर फ्लेमिंग (रिटर्न) टू हिज लॅबोरेटरी आफ्टर ___ हॉलिडे. ही नोटिस्ड दॅट ___ मोल्ड (ग्रो) ऑन वन ऑफ हिज प्लेट्स. ___ बॅक्टेरिया अराउंड ___ मोल्ड (डाय). द मोल्ड वॉज प्रोड्यूसिंग ___ सबस्टन्स दॅट किल्ड देम. ही कॉल्ड ___ पेनिसिलिन. इन १९४५ ही (गिव्ह) द नोबेल प्राइझ अलाँग विथ टू अदर सायंटिस्ट्स. ___ ड्रग (सेव्ह) मिलियन्स ऑफ लाइव्ह्ज.'

आधी स्वतः भरा, मग पुढे वाचा.

'रिटर्न्ड', 'अ हॉलिडे', 'अ मोल्ड' यांत अडचण येऊ नये. बुरशी त्याला दिसली त्याआधीच वाढून बसली होती, म्हणून 'हॅड ग्रोन', आणि जिवाणूही आधीच मेले होते, म्हणून 'हॅड डाइड'. 'द बॅक्टेरिया' पहिल्याच उल्लेखात, कारण प्लेट म्हटल्यावर तिच्यावर वाढवलेले जिवाणू आलेच, घराबरोबर छत येतं तसे. 'द मोल्ड' कारण बुरशी आता ओळखीची झाली. 'अ सबस्टन्स' कारण तो पदार्थ नवा आहे, आणि पुढच्याच वाक्यात त्याच्यासाठी 'इट'. नोबेलच्या वाक्यात 'वॉज गिव्हन', कारण बोलणं फ्लेमिंगबद्दल चाललंय आणि पारितोषिक कोणी दिलं हे इथे कोणी विचारत नाही.

शेवटची जागा वादाची. 'द ड्रग' यावर दुमत नसावं, पण क्रियापद 'सेव्ह्ड' की 'हॅज सेव्ह्ड'? मागची वाक्यं भूतकाळात आहेत म्हणून बरीच मुलं 'सेव्ह्ड' लिहितात, आणि नुसतं वाक्य पाहिलं तर ते चूक नाही. पण त्यातून असं वाटतं की ते औषध आता इतिहासजमा झालं. पेनिसिलिन अजून वापरात आहे, जीव वाचवणं चालूच आहे, म्हणून 'हॅज सेव्ह्ड'.